शंकूपासून खडूपर्यंत

लाउथच्या पलीकडे, बीटच्या शेतांमध्ये
लढाईच्या काळातली एक धावपट्टी अजून सरळ पडून आहे.
तिच्या काँक्रीटच्या सांध्यांतून गवत येतं,
ते आम्ही सोमवारी खरवडतो.
ओल्या गवतावर टायरचा भरवसा नाही.

सकाळचे सात. हवा सहा अंश. वारा तिरका.
नॉर्मन हॅलिवेल हातमोजे चढवतो
आणि पिवळ्या गाडीच्या टपावर दोनदा टिचकी मारतो,
कलिंगड घेताना मारतात तशी.
आतून काय ऐकू येतं, त्यालाच ठाऊक.

काम सोपं आहे.
ताशी साठ मैल. नारिंगी शंकू आला
की पाय पूर्ण दाबायचा, दयामाया नाही.
पेडल हललं की बंपरखालची लहानशी बंदूक
रस्त्यावर खडूची गोळी झाडते :
इथे ठरलं. इथून मोजा.
डबा उपग्रहांना विचारून आकडा सांगतोच,
पण साहेबांचा जीव अजून टेपमध्ये,
आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात.

तेहतीस ऐंशी.
चौतीस शून्य पाच.
तेहतीस नव्वद.

वेग दुप्पट तर अंतर चौपट.
हा पाढा इथे पाठ करावा लागत नाही,
छातीवरचा पट्टा तो एका घासात शिकवतो.
एवढी धाव जाते कुठे, असं लहानपणी मी विचारलं असतं
तर बाबांनी हात पुढे केला असता :
शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांनी वीस वर्षं बीड ओतलं,
त्यांना माहीत होतं
की धाव जात नाही कुठेच, लोखंडात शिरते,
आणि लोखंड ते मनात ठेवतं.
आठव्या फेरीला चाकांच्या जाळीआड
डिस्क जांभळटल्या, मग लाल.
करपलेल्या पॅडचा वास आला आणि क्षणभर
बाबा कामावरून घरी आले.

पस्तीस चाळीस. हे अपेक्षित आहे. याला रकाना आहे.

रकाना नाही तो दुसऱ्या अंतराला.
शंकूपासून खडूपर्यंत.
गाडीचा त्याच्याशी संबंध नाही;
तेवढा रस्ता माणसाचा.
डोळ्यानं पाहिलं ते पायाला कळेपर्यंत
साठाच्या वेगानं नुसतंच पुढे जाणं.

ऑक्टोबरात दोन पावलं होती.
फेब्रुवारीत चार.
आज सात.
मी टेप नाही लावली, चालत गेले,
बूट बांधायला वाकल्यासारखं करत,
आणि वहीच्या मागच्या पानावर मराठी आकडा लिहिला.
नॉर्मनला वाचता येऊ नये म्हणून मराठी.

"किती?" त्यानं काच खाली करून विचारलं.
"चौतीस दहा," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.
"गुणी आहे पोरगी," तो म्हणाला,
म्हणजे गाडी.

मग चहा झाला. फ्लास्कचं झाकण मला, कप त्याला.
बत्तीस वर्षं तो गाड्या थांबवतोय,
तेवढ्यात दोन बायपास बांधून झाले, एक बायको गेली,
आणि कधी एका कुंपणाला खरचटलं नाही.
वही बॉनेटवर उघडी राहिली होती.
वारा तिरकाच. पानं उलटी.
त्यानं सातच्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं,
चहा गवतात ओतला,
आणि शंकूपासून चालायला लागला.
हळू. ओठ हलवत.
खडूपाशी थांबला. बुटाच्या टोकानं
खूण थोडी पुसली, मग पुसायची थांबला.

काही बोलला नाही. मीही.
टिटवी ओरडत होती, तिला तेवढंच काम.

दहावी फेरी.
गाडी पट्टीच्या टोकाला वळली, दिवे लागले,
आवाज आधी बारीक, मग सगळीकडून.
मी शंकूकडे बघत होते.
टायर किंचाळले ते शंकूच्या आधी.

तेहतीस पंच्याण्णव, डबा म्हणाला. उत्तम.
खडूची ताजी खूण शंकूच्या अलीकडे दीड पावलावर,
पांढरीफेक.

तो गाडीतून उतरला नाही. हात स्टिअरिंगवर.
शंकू येण्याची वाट न बघता
थांबून घेतलं होतं त्यानं.

मी मागच्या पानावर लिहिलं : उणे दीड.
टेप गुंडाळताना बोटं काळी झाली.